खाकी एक, तिजोऱ्या अनेक
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

गणपतीच्या दिवसांत लालबागच्या नाक्यावर घटकाभर उभं राहावं आणि नुसते गणवेश मोजावेत. काळाचौकी ठाण्याचे खाकीतले हवालदार असतात. पांढरा सदरा घातलेला वाहतूक पोलीस असतो. राज्य राखीव पोलीस दलाची, म्हणजे आपल्या 'एसआरपी'ची गाडी असते. होमगार्डची तरुण मुलं असतात. वर्ष तापलेलं असेल तर निळसर ठिपक्यांच्या गणवेशातले आरएएफचे जवान दिसतात. पालिकेचे सुरक्षारक्षकही कुठेतरी उभे असतात. बघणाऱ्याच्या लेखी हे सगळे 'पोलीस'. पोरगं हरवलं की आई यांतल्या कुणाचाही हात धरते, आणि तेही तिला बिचारे हाकलत नाहीत.

पण महिन्याच्या शेवटी या सगळ्यांचा पगार एका तिजोरीतून निघत नाही. काळाचौकीचा हवालदार, वाहतूक पोलीस आणि एसआरपी ही राज्य सरकारची माणसं. होमगार्ड हा स्वयंसेवक. त्याला पगार नाही, ज्या दिवशी काम त्या दिवसाचा भत्ता. (ही होमगार्डची कल्पना मूळची आपल्या मुंबईचीच, डिसेंबर १९४६ मधली.) आरएएफ हा केंद्रीय राखीव दलाचा भाग, दिल्लीच्या गृहमंत्रालयाचा. सुरक्षारक्षक पालिकेचा, आणि त्याला कुणाला अटक करून कोठडीत टाकायचा अधिकार नाही. मी कवी माणूस, हिशेब हा माझा प्रांत नव्हे. पण शहरात रात्री निर्धास्त झोपायचं असेल, तर आपल्या पहारेकऱ्याला कोण नेमतं आणि कोण पोसतं, एवढं तरी ठाऊक असावं असं मला वाटतं.

मुळातली गोष्ट सोपी आहे. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात कामांच्या तीन याद्या आहेत. त्यातली दुसरी यादी राज्यांची. तिची पहिलीच नोंद 'सार्वजनिक सुव्यवस्था' आणि दुसरी 'पोलीस'. म्हणजे पोलीस हा राज्याचा विषय. दिल्ली शहराचा अपवाद. तिथलं पोलीस दल थेट केंद्राच्या हाती आहे, म्हणून तिथले मुख्यमंत्री पोलिसांवरून पुष्कळदा तक्रार करताना दिसलेले आहेत. मुंबईत तसं नाही. इथे पोलीस मंत्रालयाचे, गृहखात्याचे. आणि ते गृहखातं पुष्कळदा मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडेच ठेवलेलं असतं, यावरून त्याचं वजन कळावं.

आता गंमत पाहा. परळला केईएम हॉस्पिटल महापालिकेचं. दारातला रस्ता पालिकेचा, दिवाबत्ती पालिकेची, पलीकडची मराठी शाळा पालिकेची. आग लागली तर येणारा बंब पालिकेचा. मग त्याच वस्तीचं भोईवाडा पोलीस ठाणं तेवढं राज्य सरकारचं का? न्यूयॉर्कमध्ये पोलीस आयुक्ताला तिथला महापौर नेमतो. लंडनमध्ये पोलिसांचं अंदाजपत्रक महापौर ठरवतो आणि घरपट्टीसारख्या स्थानिक करातला एक वाटा थेट पोलिसांकडे जातो. मुंबईच्या महापौराला मात्र साधा एक शिपाई इकडचा तिकडे करता येत नाही. हे असं का झालं, त्याची कथा शंभर वर्षांहून जुनी आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही.

इंग्रजांनी बेट ताब्यात घेतलं तेव्हा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरने सतराव्या शतकात इथे एक पथक उभं केलं, ते भंडाऱ्यांचं. माहीम, शिवडी, शीव इथे त्यांची ठाणी. ज्यांच्याकडे जमीनजुमला असेल त्यांनी माणसं पुरवायची, असा तो मामला. म्हणजे सुरुवातच मुळी 'ज्याची वाडी त्याचा पहारा' अशी. पुढे शहर वाढलं. १८६४ मध्ये फ्रँक सूटर पहिला पोलीस आयुक्त झाला. त्या काळात आगीचे बंबदेखील पोलिसांकडेच होते. १८८७ साली ते पालिकेकडे गेले.

पण पैशाचा तिढा वेगळाच होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराच्या पोलीस खर्चाचा बराचसा भार म्युनिसिपालिटीच्या बोकांडी होता. पैसे शहराने भरायचे. पोलीस किती असावेत, त्यांचा प्रमुख कोण, त्यांनी काय करावं, हे मात्र सरकारने ठरवायचं. फेरोजशहा मेहतांच्या पिढीतल्या नगरसेवकांना ही गोष्ट सलणारच. जेवणाचं बिल एकाने द्यायचं आणि काय मागवायचं ते दुसऱ्याने ठरवायचं, हे कुणाला रुचेल? वर्षानुवर्षं सरकार आणि पालिका यांच्यात या खर्चावरून पत्रापत्री आणि वादावादी चालली. पुढे मुंबईचा पोलीस आयुक्त झालेल्या एस. एम. एडवर्ड्सने या दलाचा इतिहास १९२३ मध्ये पुस्तकरूपाने लिहिला, त्यात या भांडणाची हकिगत सापडते.

तोड निघाली ती १९०७ मध्ये. त्या साली एक कायदा झाला आणि सौदा ठरला. शहराच्या पोलिसांचा सगळा खर्च सरकार उचलील. बदल्यात प्राथमिक शिक्षण, वैद्यकीय मदत आणि देवी टोचण्याचं काम पालिका आपल्या अंगावर घेईल. हातावर हात मारून दोघांनी कामांची वाटणी करून घेतली.

आपण रोज ज्या मुंबईत वावरतो, तिची बरीचशी ठेवण या एका सौद्यात आहे. १९२६ साली परळला केईएम उभं राहिलं, पालिकेच्या शाळांतून गिरणी कामगारांची पोरं शिकली, मीही त्याच शाळांतला. पालिकेने हॉस्पिटलं आणि शाळा चालवाव्यात आणि पोलिसांकडे बोट दाखवू नये, हा रिवाज तिथून पडला. मला स्वतःला हा सौदा मुंबईकराच्या फायद्याचा झाला असं वाटतं. टाटा मिलच्या कामगाराला चौकीपेक्षा दवाखाना जास्त वेळा लागला. पण त्याची एक किंमत आपण अजून मोजतो आहोत. गल्लीत दारूचा गुत्ता असो की पोरांची टोळकी, आपण तक्रार घेऊन नगरसेवकाकडे जातो. तो बिचारा फोन करतो, शब्द टाकतो. कायद्याने त्याला ठाण्यात बसलेल्या इन्स्पेक्टरला विचारण्याचा कसलाही हक्क नाही. तो हक्क आमदाराला आहे, तोही विधानसभेत गृहखात्याच्या मागण्या चर्चेला येतात तेव्हा. त्या चर्चेच्या बातम्या वर्तमानपत्रात किती येतात, ते तुम्हीच सांगा.

खेड्यात थोडं निराळं चित्र आहे. तिथे पोलीस पाटील असतो, १९६७ च्या कायद्याने नेमलेला, गावातलाच माणूस. त्याचं मानधनही ग्रामपंचायत देत नाही, राज्य सरकारच देतं. २०२४ मध्ये ते साडेसहा हजारांवरून पंधरा हजार झालं. म्हणजे गाव असो की शहर, स्थानिक माणसांनी निवडून दिलेल्या मंडळाच्या हाती पोलीस द्यायचा नाही, हे धोरण आपल्याकडे पक्कं आहे. त्यालाही कारण आहे. गावचा सरपंच किंवा वॉर्डाचा दादा जर पोलिसांचा मालक झाला, तर गरिबाने जायचं कुठे, ही भीती खोटी नव्हे. बाहेरच्या मालकाचं एक बरं असतं, त्याला आपल्या गल्लीतलं भांडण ठाऊक नसतं. आणि वाईटही तेच असतं.

आता निवड कशी होते ते पाहू. एकाच ठाण्यात तीन दारांनी आलेली माणसं बसतात. शिपाई राज्याच्या भरतीतून येतो. मैदानावर धावतो, गोळा फेकतो, लेखी परीक्षा देतो. फौजदार महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतो, किंवा शिपायाचा चढत चढत फौजदार होतो. आणि वरचे आयपीएस साहेब केंद्रीय लोकसेवा आयोगाकडून. त्यांना निवडतं केंद्र, राज्य वाटून देतं केंद्र, आणि पगार मात्र देतं राज्य. त्यांना निलंबित राज्य करू शकतं, नोकरीतून काढून टाकू शकत नाही. म्हणूनच एखादा साहेब दोन सरकारांच्या ओढाताणीत सापडतो तेव्हा तो नेमका कुणाचा, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही.

मुंबईचा पोलीस आयुक्त राज्य सरकार नेमतं. या पदाचा दर्जाही कधी अपर महासंचालकाचा, कधी महासंचालकाचा, सरकारच्या सोयीने वर-खाली झालेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सांगितलं की पोलीस प्रमुखाला किमान दोन वर्षं द्या, बदल्यांसाठी मंडळ नेमा, तक्रारींसाठी प्राधिकरण स्थापन करा. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपल्या पोलीस कायद्यात तशा दुरुस्त्या केल्या. तरी फेब्रुवारी २०२० पासून जून २०२२ पर्यंत या शहरात चार पोलीस आयुक्तांच्या नेमणुका झाल्या. खुर्ची गरम व्हायच्या आत माणूस बदलत होता.

राज्याच्या पोलीस महासंचालकाच्या बाबतीत दिल्लीचाही हात लागतो. केंद्रीय लोकसेवा आयोग तीन नावं काढून देतो आणि त्यातलं एक राज्य सरकारने निवडायचं. निवडणूक लागली की आणखी एक मालक येतो. तेवढ्या काळापुरते निवडणुकीच्या कामातले पोलीस कायद्याने निवडणूक आयोगाकडे वर्ग झाले असं मानतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या निवडणुकीआधी आयोगाने राज्याच्या महासंचालक रश्मी शुक्ला यांना पदावरून दूर केलं, राज्याने पाठवलेल्या तीन नावांतून संजय वर्मा आले, आणि निकाल लागल्यावर शुक्ला पुन्हा त्याच खुर्चीत आल्या.

या वाटणीचा चटका सामान्य माणसाला कुठे बसतो म्हणाल, तर रेल्वे स्टेशनात. दादरच्या फलाटावर खाकीतले दोन प्रकार असतात. एक आरपीएफ, रेल्वे सुरक्षा दल. ते केंद्राचं, रेल्वे मंत्रालयाचं, १९५७ च्या कायद्याने बनलेलं. त्याचं मूळ काम रेल्वेच्या मालमत्तेची राखण आणि प्रवाशांची सुरक्षा. दुसरे लोहमार्ग पोलीस, ज्यांना आपण जीआरपी म्हणतो. ते राज्याचे, खून, चोरी, छेडछाड यांचा गुन्हा नोंदवणारे. त्यांचा निम्मा खर्च रेल्वे देते, निम्मा राज्य. आणि पुलाच्या पायऱ्या उतरून तुम्ही फुलबाजाराच्या बाजूला आलात की तिसऱ्यांची, म्हणजे शहर पोलिसांची हद्द.

माझ्या ओळखीच्या एका बाई शाळेत शिकवायच्या. काही वर्षांपूर्वी एका गजबजलेल्या स्टेशनाच्या पुलावर त्यांची पर्स मारली गेली. पर्समध्ये पगार आणि पोराच्या औषधाचं कागद. फलाटावरच्या जवानाने सांगितलं, गुन्हा आम्ही घेत नाही, पलीकडे जा. पलीकडच्यांनी विचारलं, पुलाच्या कुठल्या टोकाला? बाहेरचं टोक असेल तर शहरवाल्यांकडे जा. शहरवाल्यांनी पुन्हा आत पाठवलं. बाईंनी त्या संध्याकाळी तीन ठिकाणी एकच कहाणी सांगितली, आणि चौथ्यांदा सांगायला त्या माझ्या बायकोकडे आल्या. तेव्हा मला कळलं की पैशाची आणि हद्दीची ही वाटणी कागदावर कितीही नेटकी असो, पुलावर उभ्या असलेल्या बाईला ती दिसत नाही. आता कायद्यात सोय आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे हद्द कुठलीही असो, कुठल्याही पोलीस ठाण्याने दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घेतली पाहिजे. मग ती योग्य ठाण्याकडे पाठवायचं काम पोलिसांचं, तुमचं नव्हे. याला 'झिरो एफआयआर' म्हणतात. हा शब्द पाठ करून ठेवा आणि मोठ्याने उच्चारा.

आता खर्चाकडे वळू. राज्याच्या पोलीस खर्चाचा फार मोठा वाटा पगार-भत्ते आणि निवृत्तिवेतनात जातो. उरलेल्यात गाडी, वायरलेस, इमारत. म्हणून नव्या वस्तूंसाठी पोलिसांना इतर दारं ठोठवावी लागतात. केंद्राची पोलीस आधुनिकीकरणाची योजना १९६९ पासून आहे. सागरी सुरक्षेच्या योजनेत बोटी केंद्राच्या पैशातून आल्या, त्यांवरची माणसं राज्याची. जिल्हा नियोजनाच्या निधीतून गाड्या येतात. चौकाचौकातले कॅमेरे राज्याने बसवले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर त्यांची मागणी पुढे आली आणि सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांचा पहिला टप्पा पुरा व्हायला २०१६ उजाडलं. रस्त्यावरचा सिग्नल मात्र पालिकेचा. दिवा पालिकेचा, शिट्टी राज्याची, आणि दंडाची रक्कम पुन्हा राज्याच्या तिजोरीत.

अशा दारोदारच्या पैशाला एक खोड असते. तो कशासाठी आला आणि कशावर गेला, यावर लक्ष ठेवणारा कुणी एकच माणूस नसतो. महिलांच्या सुरक्षेसाठी असलेल्या निर्भया निधीतून मुंबई पोलिसांनी २०२२ मध्ये बोलेरो गाड्या घेतल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बातमी आली की त्यांतल्या काही गाड्या आमदार-खासदारांच्या बंदोबस्ताला धावत होत्या. ओरड झाली. ज्या ठाण्यांना गाडी कमी पडत होती तिथल्या बायकांचं काय, हा प्रश्न खरा होता.

काही वेळा पोलीस भाड्याने मिळतो. हा विनोद नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ४७ व्या कलमात अर्ज करणाऱ्याच्या खर्चाने जादा पोलीस देण्याची तरतूद आहे. वानखेडेवर क्रिकेटचा सामना असला की बंदोबस्ताचं बिल आयोजकांना जातं. २०२३ मध्ये राज्य सरकारने हे दर पुष्कळ खाली आणले आणि सवलत २०११ पासून मागे जाऊन दिली. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. न्यायालयाचं न्यायालय बघेल. मला आपलं वाटतं, ज्या खेळात खेळाडूंचा लिलाव कोटींत होतो, त्याला शिपायाचा घाम स्वस्तात कशाला द्यायचा? गणेशोत्सव, मोहरम, आंबेडकर जयंती, सहा डिसेंबरची चैत्यभूमी, यांचं बिल कुणाला जात नाही आणि जाऊही नये. ते लोकांचं आहे. तिथे दुसरी अडचण येते, माणसं पुरत नाहीत. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली, तेव्हा भायखळ्याच्या खिलाफत कमिटीने आमचा जुलूस दुसऱ्या दिवशी नेला. त्याच्या पुढच्या दोन वर्षीही तारखा जवळ आल्या तेव्हा असंच झालं. त्यात बंधुभाव होताच. पण सलग छत्तीस तास उभ्या राहणाऱ्या हवालदाराला थोडी पाठ टेकता आली, हेही त्यात होतं.

त्याच कायद्याचं ५० वं कलम उलट्या बाजूचं आहे. एखाद्या भागात दंगाधोपा वाढला तर तिथे जादा पोलीस ठेवायचे आणि खर्च तिथल्या रहिवाशांकडून वसूल करायचा. ही इंग्रजांच्या १८६१ च्या कायद्यातली युक्ती. ज्याचं दुकान जळलं त्याच्याच खिशातून पहाऱ्याचे पैसे, अशी पाळी त्यात येऊ शकते. माझ्या पिढीने १९९२-९३ ची मुंबई पाहिली आहे, म्हणून हे कलम वाचताना अंगावर काटा येतो. त्या दिवसांत लष्कर रस्त्यावर आलं होतं, तेही याच वाटणीप्रमाणे: राज्याने मागायचं आणि केंद्राने पाठवायचं.

आणि खुद्द पोलिसाला काय मिळतं? नायगाव, वरळी आणि डिलाईल रोडच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या. मुंबईत अशा एकूण २०७ चाळी, आणि त्यातल्या कितीतरी खोल्या पोलिसांना सेवानिवासस्थान म्हणून दिलेल्या. एक खोली, सामाईक संडास. १९८२ च्या ऑगस्टमध्ये याच चाळींतल्या पोलिसांनी बंड केलं. पगार, घर, कामाचे तास आणि संघटनेचा हक्क ही त्यांची गाऱ्हाणी. स्वातंत्र्यदिनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टला सरकारने पुढाऱ्यांना अटक केली, संघटनेची मान्यता काढली आणि शहर पेटलं. गिरणी संप चालूच होता. संपकरी कामगार आणि वर्दी उतरवलेले पोलीस एकाच रस्त्यावर आले. ज्या पोलिसांनी शहर राखायचं त्यांनाच आवरायला केंद्राकडून लष्कर आणि निमलष्करी दलं आणावी लागली.

त्यानंतर काही सुधारलं. २०१६ मध्ये देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. त्याची कल्पना एका शिपायानेच मांडली होती. तो शहरभर पसरला, मग माणसं अपुरी म्हणून डळमळला. आणि २०२३ मध्ये हीच तूट भरून काढायला सरकारने महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे ३,००० जवान कंत्राटी पद्धतीने तात्पुरते मुंबई पोलिसांच्या मदतीला द्यायचं ठरवलं. म्हणजे राज्याच्याच एका खिशातून राज्याच्याच दुसऱ्या खिशाने माणसं उसनी घेतली. भरती लांबवायची आणि कंत्राटाने वेळ मारून न्यायची, ही रीत मला पटत नाही. शिपायाला वस्ती ओळखायला वर्षं लागतात. ती अकरा महिन्यांच्या करारात बसत नाहीत.

बीडीडीच्या पुनर्विकासात तिथल्या पोलीस कुटुंबांना घर देण्याची किंमत २०२२ या एका वर्षात आधी ५० लाख, मग २५ लाख आणि शेवटी १५ लाख ठरली. बांधकाम म्हाडाचं, घर राहणाऱ्याच्या मालकीचं, जमीन राज्याची, आणि पंधरा लाख हवालदाराने निवृत्तीच्या पुंजीतून काढायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. नायगावचे तेव्हा थांबलेलेच होते.

तर कामापुरतं एवढं लक्षात असू द्या. लोकलमध्ये काही झालं तर १५१२ हा लोहमार्ग पोलिसांचा क्रमांक, १३९ रेल्वेचा. गल्लीतल्या चौकीत माणूस कमी असेल तर पत्र आमदाराला, प्रत गृहखात्याला. नाक्यावरचा सिग्नल बंद पडला तर ठाण्यात जाऊन उपयोग नाही. लालबाग-परळकरांनी एफ दक्षिण, दादर पश्चिमवाल्यांनी जी उत्तर आणि गिरगावकरांनी सी किंवा डी वॉर्डाचं ऑफिस गाठावं. सकाळी अकराच्या आत गेलात तर साहेब जागेवर भेटतात.